बळवंतदादाचं नाक

आमच्या दातिवऱ्यात आगोट भरायची तर बळवंतदादाला सोबत न्यायचं, हे ठरलेलं. आगोट म्हंजे पावसाळ्याची बेगमी. होड्या वर ओढल्या की ताजं म्हावरं कुठलं? सुके बोंबील, जवळा, वाकटी, जे काय डब्यात असेल त्यावर चुलीचं भागवायचं. पूर्वी घरोघरी आपलंच म्हावरं वाळायचं. आता होडी हाय ती बोटावर मोजण्याइतक्या घरांत, बाकी आमी सगळे विकत घेणारे झालो. म्हणून मे महिन्यात आळीतल्या बाया मिळून एकदम माल घेतो. ढिगापुढं आधी दादानं बसायचं. मूठभर बोंबील उचलायचे, डोळे मिटायचे, नाकाशी धरायचे. ह्याच्यावर दव पडलंय, तो बोलायचा. हे वरून वाळलेत, पोटात ओल हाय. विकणाऱ्या बाया त्याला तोंडावर शिव्या द्यायच्या, पण माल मात्र गुपचूप बदलून द्यायच्या.

मी साखरबाई, त्याची शेजारीण. साखर हे नाव आईनं पाळण्यात ठेवलं, पुढं तोंड कसं निघेल ते तिला कुठं माहीत होतं. दादा बोयसरला ज्या कंपनीत होता तिथंच मी पण हाय, हाउसकीपिंगला. म्हंजे झाडू मारते, लादी पुसते. टी-शर्ट दिलाय, त्याच्या पाठीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलंय. कंपनीचं नाव मी सांगणार नाय. सांगून उपयोग पण नाय, कारण आमी कंपनीचे नायच. आमी ठेकेदाराचे. ठेकेदार कुशल, त्याच्या फर्मचं नाव दर थोड्या महिन्यांनी बदलतं. नाव बदललं की आमी सगळे पुन्हा नवीन. माझे केस पिकले तिथं, पण मी अजून नवीनच हाय.

दादाचा बाप तांडेल होता, मोठ्या होडीवर शब्द चालायचा त्याचा. दादानं पण होडी चालवली, जमेल तोवर. मंग डिझेल परवडेना, जाळ्यात म्हावऱ्यापेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, होडी विकली. विकताना एक दोर तेवढा ठेवून घेतला, बापाच्या हातचा. तो घरात आढ्याला टांगलेला असायचा. आणि दादा आमच्यासारखाच सकाळी इको गाडीत कोंबून सफाळ्याला, तिथून बोयसरला, तिथून शेअर रिक्षानं कुंभवलीच्या अंगाला, गेटावर मशीनपुढं तोंड धरायला लागला. मशीननं तोंड ओळखलं तर हजेरी, नाय ओळखलं तर दिवस गेला. घामानं तोंड चमकत असलं तर ते ओळखत नाय. उन्हातून चालत आलेल्या माणसाचं तोंड चमकणार नाय तर काय करणार?

औषधांचा कच्चा माल बनतो तिथं. प्लांटच्या मागं एक खड्डा हाय, माणूस उभा बुडेल एवढा खोल. तळाशी पाइपांचे जोड आणि एक वाल. शिडीनं खाली उतरायचं, साचलेला गाळ काढायचा, वाल फिरवायचा, वर यायचं. काम थोडक्यात एवढंच. पण त्या खड्ड्यात कधी कधी गॅस साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास मारतो. जास्त असला तर वास घ्यायला माणूस उरत नाय.

भिंतीवर एक पिवळी पेटी लावलेली. गॅस असला की ओरडायची. ती बंद पडली. दुरुस्तीवाला येणार होता, तो अजून वाटेतच हाय. हातात धरायचं एक यंत्र पण होतं, प्लांट सांभाळणाऱ्या विपुल साहेबाच्या केबिनमध्ये ड्रॉवरात. तपासणीवाले आले की त्यात सेल घालून ते बाहेर काढायचं. तपासणीवाले गेले की सेल परत एसीच्या रिमोटात. मी रोज ते टेबल पुसते, मला ठाऊक नाय तर कोणाला असणार? झाडूवाली समोर असली तर साहेब लोकांना वाटतं खोलीत कोणच नाय.

दादा लागला त्याच वर्षी एकदा खड्ड्याजवळून जाताना थांबला आणि उतरणाऱ्या माणसाची कॉलर धरली. कोणाला काय पण जाणवलं नव्हतं. पंखे लावून हवा काढली तेव्हा कळलं, तो माणूस वर आला नसता. तेव्हापासून नियमच झाला. खड्ड्याच्या तोंडाशी आधी बळवंत वाकणार, वास घेणार आणि बोलणार, "उतरा." मंगच माणूस शिडीवर पाय ठेवणार. विपुल साहेब तेव्हा नवा होता, वलसाडकडचा, मिशी पण धड फुटली नव्हती. तो लोकांना हसून सांगायचा, आमची पेटी चालतीबोलती हाय. पेटी दुरुस्त करायची गरजच उरली नाय.

दादाला पण त्याचं बरंच वाटायचं, उगाच का खोटं बोलू? पन्नाशी आली की कुशल माणसाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि बोलतो, काका, आता गावी आराम करा. दादाच्या बरोबरीचे सगळे असे आरामाला गेले. एकाच्या घरी आराम एवढा झाला की चूल पेटायची मारामार. दादाच्या खांद्यावर मात्र कुशलनं हात ठेवला नाय. नाकावर नोकरी टिकली होती त्याची. मुलगा प्रदीप आयटीआय करून घरी बसलेला, दहा ठिकाणी फॉर्म भरून थकलेला. घरात कमावणारा तो एकच.

मंग गेल्या वर्षीची आगोट आली. दादा नेहमीसारखा ढिगापुढं बसला. मूठ उचलली, डोळे मिटले, बोलला, घ्या, चांगला हाय. मला जरा कुबट वाटलं होतं. बाजूच्या बाईला पण वाटलं. पण दादा चांगला बोलला, मंग आमच्या नाकाला कोण विचारतो? अख्ख्या आळीनं तोच माल भरला. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला असेल, घराघरात डबे उघडले तर वासानं उभं राहवेना. बोंबील हाताला चिकट लागत होते, जवळ्यात अळ्या. सगळा माल खाडीत नेऊन टाकला. चार महिन्यांचं तोंडी लावणं गेलं. बाया तणतणत दादाच्या दारात गेल्या, मी पण गेले. माझा तर आवाज सगळ्यांत मोठा होता.

येसूवयनी, दादाची बायको, आमचं सगळं ऐकून घेत उभी राहिली. मंग आत गेली, डब्यातला सडका बोंबील मुठीत घेऊन आली आणि दादाला बोलली, डोळे मिट. त्यानं मिटले. तिनं मूठ त्याच्या नाकाशी धरली. आमी दारात उभ्या होतो तिथवर घाण येत होती.

"काय हाय सांग," वयनी बोलली.

"काय गो येसू, थट्टा करतंस काय? हात रिकामा हाय तुजा," दादा बोलला.

बाया एकेक करून निघून गेल्या. मी राहिले, कारण मला कोणी जायला सांगितलं नाय आणि सांगितलं असतं तरी गेले नसते.

मंग दादानं सगळं सांगितलं. एकदम नाय गेलं नाक. आधी डिझेलचा वास जाणवेनासा झाला, मंग म्हावऱ्याचा, मंग भात करपला तरी कळेना. दोनेक वर्षं तरी झाली असतील. दवाखान्यात गेला नाय, कारण दवाखान्यात गेलं की कुशलला कळणार. वयनीनं विचारलं, मंग खड्ड्यापाशी काय करतोस? दादा खाली बघत बोलला, माश्या बघतो. खड्ड्याच्या तोंडावर माश्या घोंगावत असल्या तर हवा बरी हाय समजतो. माश्या नसल्या तर पंखे लावा बोलतो.

येसूवयनी एरवी गरीब बाई, कोणाला उलटून बोलायची नाय. त्या दिवशी तिनं त्याला असा झाडला की मी पण दोन पावलं मागं सरले. माश्यांच्या भरवशावर माणसं खाली सोडतोस, बोलली. खाली जातो त्याची बायको पण माझ्यासारखी वाट बघत बसलेली असेल ना रं घरी. उद्या जाऊन साहेबाला सांग, नोकरी जायची तर जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी दादा खरंच गेला.

मी तेव्हा केबिनमध्येच लादी पुसत होते. दादा दारात टोपी हातात घेऊन उभा. बोलला, साहेब, माझं नाक गेलं. आता पेटी दुरुस्त करा, मी सांगतो त्यावर माणसं सोडू नका. मला वाटलं विपुल साहेब ताडकन उठेल. त्यानं मोबाइलवरनं मान पण वर केली नाय.

"तो क्या हुआ? चलेगा," तो बोलला. "किसी को बोलना मत."

मंग समजावून सांगायला लागला, जसं काय दादावर उपकार करतोय. बोलला, तू तिथं वाकतोस आणि उतरा बोलतोस, म्हणून लोक बिनघोर उतरतात. तू नसलास तर ते पेटी मागणार. पेटी मागितली की वरपर्यंत जाणार, प्लांट बंद ठेवून काम करावं लागणार. कशाला? तू फक्त उभा राहा. वर बोलला, तुझ्या पोराचं पण बघू.

बुजगावणं. शेतात उभं करतात ना तसं. फरक एवढाच की बुजगावण्याला पाखरं तरी भितात.

दादा बाहेर नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं. मी बादली घेऊन मागं गेले. मला बोलला, साखर, आजवर मी लपवत होतो तर निदान भीती वाटत होती. आता त्यांनाच ठाऊक हाय आणि त्यांना भीती नाय. त्याला सगळ्यांत जास्त ह्याच गोष्टीचा राग आला होता.

खड्ड्यात उतरायचं काम बहुतेक वेळा सुकाकडं असायचं. सुका मनोरच्या पलीकडचा, डोंगरातला. वरकस जमिनीचा तुकडा, पावसावरची शेती. भात कापून झालं की बोयसरला यायचा, कुंभवलीत एका खोलीत सहा जण राहायचे, पाळीनं झोपायचे. त्या वर्षी मात्र लावणी उरकून लगेच आला, घरात तान्हं मूल होतं, बायको ठकी बाळंतपणातून उठलेली. हसरा माणूस. डोंगरातले कंद आणायचा दादासाठी, दादा त्याला सुकं म्हावरं द्यायचा. दोघांची गट्टी कशी जमली देव जाणे, एकाला समुद्राशिवाय सुचत नाय आणि दुसऱ्यानं होडी कधी जवळून बघितली नाय.

विपुल साहेबानं सांगू नको बोललं होतं. दादानं जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा सुकालाच सांगितलं. आमचं जेवण शेडच्या मागं, कँटीन फक्त कायमच्या लोकांना. मी बाजूलाच डबा खात होते. मला वाटलं सुका चिडेल, दोन शिव्या घालेल. त्यानं भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून थोडा विचार केला.

"नाक नाय तर नाय," सुका बोलला. "मी उतरलो नाय तर कुशल उद्या दुसरा आणंल. तू वरती हायस म्हंजे ओढणारा तरी कोण हाय, दादा."

दुसऱ्या दिवशी दादानं आढ्याचा दोर काढला आणि शर्टाच्या आत कमरेला गुंडाळून आणला. तेव्हापासून असं चालायचं: सुका उतरायच्या आधी दादा त्याच्या काखेतून दोर घ्यायचा, तांडेलाची गाठ मारायचा आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. माश्या बघायच्या ते बघायच्याच. सुका खाली असेपर्यंत दादा दोर ताणून उभा, डोळे शिडीवर. विपुल साहेब एकदा बघून हसला, बोलला, मच्छी पकड रहा है क्या? दादानं मनगटाला दोराचा आणखी एक वेढा घेतला. कंपनीचा दोर पण होता, कुजलेला, आणि मास्क पण होते, काचेच्या कपाटात कुलूप लावून, आरशासारखे पुसून ठेवलेले. सेफ्टीवाला कुलूप उघडून द्यायचा, ते मीच पुसायची.

मंग तो दिवस आला. श्रावणातला पाऊस, सकाळपासून धो धो. दुसऱ्या दिवशी कुठले तरी परदेशी गिऱ्हाईक प्लांट बघायला येणार होते, म्हणून सगळं चकाचक पायजे होतं. खड्डा उपसायचा होता. पावसात माश्या कुठनं असणार? दादा खड्ड्याच्या तोंडाशी वाकून खूप वेळ बघत राहिला. मंग सरळ झाला आणि बोलला, आज कोणी उतरायचं नाय.

विपुल साहेब छत्री घेऊन आला. मी पायऱ्यांवरचं पाणी वायपरनं ओढत होते, सगळं माझ्यासमोर झालं. साहेबानं आधी गोड बोलून बघितलं. दादा बोलला, ड्रॉवरातलं यंत्र आणा, सेल घाला, दोन मिनिटांत कळेल. हे त्यानं सगळ्यांसमोर बोललेलं साहेबाला झोंबलं. एका ठेक्याच्या माणसानं साहेबाच्या ड्रॉवराची गोष्ट चारचौघांत काढायची म्हंजे काय!

"बोल उसको, उतर," साहेब बोलला.

"नाय बोलणार."

साहेबाचा चेहरा लाल झाला. वॉचमनला हाक मारली, ह्याला गेटवर नेऊन बसवा, कुशलला फोन लावा, बोलला. दादानं सुकाकडं बघितलं. मंग खाली पडलेला दोर गोळा केला, कमरेला गुंडाळला आणि वॉचमनबरोबर निघाला. जाताना सुकाला एवढंच बोलला, दोर माझ्याकडं हाय, तू उतरू नको. त्याला वाटलं, दोर नाय, वर ओढणारा नाय, मंग सुका कशाला उतरेल? समुद्रावर असंच असतं. तांडेल किनाऱ्यावर राहिला तर होडी सुटत नाय. कोणी सांगावं लागत नाय. लहानपणापासून तो तेच बघत आला होता.

पण हा समुद्र नव्हता. साहेब सुकाकडं वळला आणि बोलला, तू पण गेटवर जातोस का? ते तो फार शांतपणे बोलला. सुकानं गेटकडं बघितलं. पावसात दादाची पाठ दिसत होती, छोटी छोटी होत चाललेली. सुकानं चपला काढून बाजूला ठेवल्या, एकाला एक लावून, आणि शिडीवर पाय ठेवला.

चार पायऱ्या उतरला असेल. पाचवीवर थांबला. मंग हात सुटला.

काय झालं, काय झालं, करत सगळे धावले. एक पोरगा उतरायला निघाला, त्याला दोघांनी धरून ठेवला, नायतर तो पण गेला असता. कोणीतरी मास्कच्या कपाटाकडं पळालं. कुलूप. चावी सेफ्टीवाल्याकडं, सेफ्टीवाला रजेवर. मी वायपरच्या दांड्यानं काच फोडली. मास्क काढला तर त्याचं रबर हातात तुटलं, पुसून पुसून ते चकचकीत ठेवलं होतं मी, आतनं सडलेलं. मी तिथं बसूनच घातल्या शिव्या, साहेबाला, कुशलला, सगळ्या कंपनीला, माझ्या हाताला पण. कोणी मला गप बस बोललं नाय.

ओरडा ऐकून दादा गेटवरनं धावत आला. पावसात घसरला, उठला, आला. कमरेचा दोर सोडून स्वतःच्या काखेत गाठ मारायला लागला, मी उतरतो बोलत होता. त्याला चौघांनी धरला. तो एवढा मोठा माणूस, चौघांना आवरेना. बंबवाले आले तेव्हा त्यांनी सुकाला वर काढला. दादानं त्याचं तोंड आपल्या शर्टानं पुसलं. चपला तिथंच होत्या.

पुढचं तुमाला ठाऊकच असेल, सगळीकडं असंच होत असतं. आधी बोलले, हृदयाचा झटका. मंग बोलले, बळवंत तांडेल जागेवर नव्हता. जागेवर असायची जबाबदारी त्याची होती आणि तो गेटवर जाऊन बसला होता. त्याला गेटवर कोणी बसवला ते कोणाला आठवेना. वॉचमनला पण नाय आठवलं. मंग आणखी एक बोलले, त्याचं नाक गेलेलं होतं, बहुतेक करोनात, आणि त्यानं ते कंपनीपासून लपवलं. मी सांगितलं पोलिसाला, मी केबिनमध्ये होते, ह्यानं सांगितलं, त्यानं चलेगा बोललं. पोलिसानं विचारलं, तुझं काम काय? झाडू मारते, मी बोलले. बरं, बरं, तो बोलला. विपुल साहेबाची बदली झाली, दुसऱ्या प्लांटवर, बढतीवर. भिंतीवर नवी पिवळी पेटी आली दुसऱ्याच सकाळी. मोठी, देखणी. वायर अजून जोडायची हाय.

ठकी आली होती. अंगावर तान्हं, सोबत सुकाचा म्हातारा बाप. गेटाबाहेर बसवलं त्यांना, आत नाय घेतलं. मी चहा नेऊन दिला, तिनं घेतला नाय. नुकसानीचं काय ते कुशलचा माणूस बोलत होता, तिचं लक्ष नव्हतं. तिनं एकच विचारलं. सुकानं घरी सांगितलेलं असणार तिला दोराचं, दादाचं, सगळं.

"वर कोण होता?"

दादा तिथंच उभा होता, वॉचमनच्या खोलीच्या भिंतीला टेकून. मंग तोच पुढं आला.

"मी नव्हतो," तो बोलला.

ठकीनं त्याच्याकडं बघितलं, खूप वेळ. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दादाची नोकरी गेली ते वेगळं सांगायला नको. घरी बसला. येसूवयनी सफाळ्याच्या बाजारात सुकं म्हावरं घेऊन बसायला लागली. एका संध्याकाळी मी गेले तर दादा ओट्यावर, दोर मांडीवर घेऊन, गाठ मारतोय आणि सोडतोय. मी बोलले, दादा, तू बरोबर केलंस. त्याच्या तोंडावर कोणीतरी हे बोलायलाच पायजे होतं. तो हसला, पण ते हसणं नव्हतं.

"उतर बोललो असतो तर मी तिथं असतो, साखर. दोर माझ्या हातात असता," तो बोलला. "खरं बोललो म्हणून मी गेटवर."

माझ्यासारखी तोंडाळ बाई गप घरी आली.

गणपती झाल्यावर कुशल आला आमच्या आळीत, चारचाकी घेऊन. चप्पल बाहेर काढून अगदी नम्र होऊन ओट्यावर बसला. मी भिंतीपलीकडनं बघितलं आणि सरळ जाऊन वयनीच्या बाजूला उभी राहिले. कुशल बोलला, झालं ते वाईट झालं, पण मी माणुसकी सोडणारा नाय. काकांच्या जागी प्रदीपला घेतो. खड्ड्यापाशी उभं राहायचं, बाकी कष्ट नाय. तुमच्या घरात नाक चांगलं असतं, साहेब लोक अजून नाव काढतात. जाता जाता हे पण बोलला की काकांनी आता जिथं तिथं काय बोलत बसू नये, केस चालू हाय, पोराच्या नोकरीला त्रास व्हायचा.

प्रदीपचं नाक म्हंजे बापापेक्षा तिखट. त्याच सकाळी त्यानं आईला टोपलीतले दोन बोंबील बाजूला काढून दिले होते, ओलसर हायत बोलून. वयनीनं त्याच्याकडं बघितलं नाय. कुशलकडं बघत बोलली, त्याचं पण नाक गेलंय. बापासारखंच. भात करपला तरी कळत नाय त्याला.

प्रदीप आईकडं बघतच राहिला. दादानं मान वर केली. मला वाटलं, वाचलं पोर. आता हा उठणार, चपला घालणार आणि गाडीत बसून जाणार.

"चलेगा," कुशल बोलला आणि चहाचा घोट घेतला.

कुशल चहा पीत होता. मंग प्रदीप बोलला, "कधीपासून येऊ?" वयनी आत निघून गेली. मी पोराला काय बोलू? तीन वर्षं घरी बसलेलं पोर. त्याचा राग करायचा तर कुठल्या तोंडानं? मी पण तर रोज जातेच ना तिथं.

सोमवारी इकोत प्रदीप माझ्या बाजूलाच होता. निघताना दादानं दोराच्या टोकाला तांडेलाची गाठ तयार ठेवली, त्याचा शर्ट वर करून स्वतःच्या हातानं दोर त्याच्या कमरेला गुंडाळला होता. उपदेश काय केला नाय. उतरायच्या आधी वर कोण हाय ते बघ, एवढं बोलला आणि ओट्यावर जाऊन बसला.

गेटावर नवे वॉचमन आलेत, दुसऱ्या एजन्सीचे. सगळ्यांना चाचपून आत सोडतात. प्रदीपच्या कमरेला हात लागला तसा एका वॉचमननं त्याचा शर्ट वर केला. ये क्या है, त्यानं विचारलं. दोर, प्रदीप बोलला. वॉचमननं तो ओढून काढला. बाहर का सामान अंदर नहीं जाएगा, सेफ्टी का नया रूल है, बोलला आणि दोर खोलीच्या मागं फेकून दिला. मी भांडले. मी काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय. मागची लाइन ओरडायला लागली, हजेरी चुकत होती सगळ्यांची. प्रदीप बोलला, जाऊ दे आत्या. रुमालानं तोंड पुसलं, मशीनपुढं धरलं. मशीननं ओळखलं नाय, नवीन ना तो. दुसऱ्यांदा ओळखलं. तो आत गेला.

संध्याकाळी गेटावरचा कचरा उचलायचं काम माझं. कागद होते, गुटख्याच्या पुड्या होत्या, तुटलेले हातमोजे होते. आणि त्यांच्याखाली दोर होता, तांडेलाची गाठ मारलेला.